कोणाचे दप्तर उघडे, कोणाचे बंद

पनवेल तालुका आणि त्याला लागून असलेला उरण एवढाच पट्टा घेतला, तरी सरकारी माहिती किती उघडी असावी आणि किती बंद, हा आजचा सगळा वाद त्यात सापडतो. न्हावा शेवा बंदर या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी वाहतूक सुरू केलेले नवी मुंबई विमानतळ इथेच आहे. खारघरचे ४०० केव्हीचे वीज उपकेंद्र, कळंबोलीतून सुटणारा द्रुतगती मार्ग आणि त्यावरचे कॅमेरे, जुलै २०२० मध्ये सुरू झालेले योट्टाचे डेटा सेंटर, ही सगळी यंत्रणा संगणकावर चालते आणि संगणकामार्फतच तिच्यावर हल्ला होऊ शकतो. तिच्या शेजारी १८५२ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका आहे, जी १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली. सिडकोचे नियोजन, तलाठ्याचे दप्तर आणि दुय्यम निबंधकांची कार्यालयेही आहेत, जिथे रोज जमिनी आणि सदनिका हातोहात बदलतात. माहिती मागणारा माणूस आणि माहिती चोरणारा माणूस असे दोघेही याच दप्तराकडे डोळे लावून आहेत. पहिल्याला दार उघडायचे आणि दुसऱ्याला बंद ठेवायचे, हे एकाच कायद्याला साधेल का, असा प्रश्न आहे. साधेल, असे माझे मत आहे. पण आज आपण दार नेमके उलट बाजूने लावून बसलो आहोत. नागरिकाचा आधार क्रमांक, त्याचा अंगठा, त्याचा पत्ता हे झाकायचे ते उघड्यावर पडले आणि ठेका कोणाला दिला, यंत्रणेची तपासणी कधी झाली, ती बंद का पडली हे उघडे ठेवायचे ते सुरक्षेच्या नावाखाली झाकले गेले.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्येच आला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्या वेळी सरकारी माहिती म्हणजे लाल फितीत बांधलेली फाईल होती. संगणकाचा विचार कायद्यात नव्हता असे मात्र नाही. कलम ४ मध्ये पहिलीच अपेक्षा आहे ती अभिलेख सूचीबद्ध करून संगणकावर आणण्याची आणि ते देशभर जाळ्याने जोडण्याची. ते जाळे तोडून कोणी आत शिरेल, याचा विचार मात्र तेव्हा कोणी केला नव्हता. त्यामुळे सायबर सुरक्षा हे माहिती नाकारण्याचे स्वतंत्र कारण म्हणून कायद्यात कुठेच नाही. जनमाहिती अधिकाऱ्याला ते दुसऱ्या कलमांतून काढावे लागते: देशाची सुरक्षा आणि आर्थिक हित सांगणारे ८(१)(क), व्यापारी गुपिताचे कलम, किंवा कोणाच्या जिवाला धोका होईल असे म्हणणारे कलम. ही कलमे सायबर धोक्याला पुरेशी आहेत, असे माझे मत आहे, कारण त्यांच्या सोबत तीन अटी येतात. माहितीतला धोक्याचा भाग वगळून उरलेला भाग द्यायचा, हे कलम १० सांगते. जनहित मोठे असेल तर अपवाद बाजूला ठेवता येतो, हे ८(२) सांगते. आणि माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे, हे १९(५) सांगते. या तीन अटी पाळल्या असत्या, तर पुढचा बराचसा वाद उद्भवलाच नसता.

आधी हल्ले प्रत्यक्षात कसे झाले ते पाहू, कारण गोपनीयतेची बाजू मांडणारे बहुधा हल्ल्यांची भीती घालतात, पण ते कुठून आले हे तपासत नाहीत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम ठप्प केले. त्यात न्हावा शेव्याचे तिचे गेटवे टर्मिनलही बंद पडले आणि बंदराच्या रस्त्यांवर कंटेनर घेतलेल्या ट्रेलरची गर्दी झाली. हा हल्ला आला युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेब-प्रणालीच्या अपडेटमधून. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच बंदराच्या दुसऱ्या टर्मिनलवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले आणि बाह्यरुग्ण विभागातले काम कितीतरी दिवस कागदावर चालले. एम्समध्ये काय चुकले, हे नंतर केंद्र सरकारने संसदेतच सांगितले: रुग्णालयाच्या अंतर्गत जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती, त्यामुळे एका ठिकाणी शिरलेला हल्लेखोर सगळीकडे पोहोचला. ही कबुली जाहीर झाल्याने एम्स अधिक असुरक्षित झाले असे कोणी दाखवून दिलेले नाही. उलट देशातल्या प्रत्येक रुग्णालयाला आणि महापालिकेला, आपले जाळे तपासा, एवढा धडा फुकट मिळाला. यांतला एकही हल्लेखोर माहिती अधिकाराच्या अर्जाचे जोडपत्र 'अ' भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आत आला नव्हता.

यावर सुरक्षा क्षेत्रातले लोक एक गंभीर आक्षेप घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, एकेक माहिती निरुपद्रवी असते, पण तुकडे जोडले की नकाशा तयार होतो. महापालिकेने कोणती प्रणाली घेतली हे एका अर्जातून, तिची आवृत्ती कोणती हे दुसऱ्यातून, देखभाल कोण करते हे तिसऱ्यातून आणि त्या देखभाल करणाऱ्याचा अभियंता कोण हे चौथ्यातून मिळाले, तर हल्ल्याची निम्मी तयारी झाली. हे खरे आहे. म्हणूनच काही गोष्टी बंदच राहिल्या पाहिजेत: जाळ्याचा आराखडा, सर्व्हरचे पत्ते, दुरुस्त न झालेल्या त्रुटींची यादी, संकेतशब्दांविषयीचे काहीही, बॅकअप कुठे ठेवला जातो ते ठिकाण, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर दुरून नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेची रचना. ही माहिती मागणाऱ्या प्रामाणिक नागरिकालाही ती देऊ नये, कारण एकदा दिलेली माहिती सगळ्यांची होते. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला हेतू विचारता येत नाही आणि तसेच असावे. पण ही यादी छोटी आहे, आणि तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींचा धोका काळाबरोबर संपतो. आज सापडलेली त्रुटी दुरुस्त झाली की सहा महिन्यांनी तिचा अहवाल देण्यात कसला धोका? विहिरीला कठडा बांधावा, विहीर बुजवू नये. याउलट पुढचे प्रश्न पाहा. महापालिकेच्या संकेतस्थळाला 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र कोणत्या लेखापरीक्षकाने कधी दिले आणि त्याची मुदत कधी संपते? मालमत्ता कराची प्रणाली कोणत्या निविदेने, किती रकमेला घेतली? तपासणीत किती गंभीर त्रुटी सापडल्या आणि त्यांतल्या किती मुदतीत दुरुस्त झाल्या? या उत्तरांत हल्लेखोराच्या उपयोगाचे काही नाही, पण करदात्याच्या उपयोगाचे सगळे आहे.

अमेरिकेतल्या एका निकालाचा इथे उपयोग होतो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका नौदल तळावरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला तर किती अंतरापर्यंत हानी होईल, याचे नकाशे आसपासच्या एका रहिवाशाने मागितले. नौदलाने नकार दिला आणि त्यासाठी तिथल्या माहिती अधिकार कायद्यातल्या एका भलत्याच, कर्मचारीविषयक नियमांच्या अपवादाचा आधार घेतला. २०११ मध्ये मिल्नर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुरक्षेची काळजी खरी असेल, पण म्हणून दुसऱ्या कामासाठी असलेला अपवाद ताणता येणार नाही. हवे तर संसदेने नेमका अपवाद करावा. पुढे तसा नेमका अपवाद झाला आणि त्यात जनहित तोलण्याची अटही घातली गेली. म्हणजे धोका मान्य झाला, पण तो लेखी, मोजून-मापून, कारणासह. आपल्याकडे अशा नेमकेपणाऐवजी सरसकट नकाराचा रस्ता धरला गेला.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण सर्ट-इनचे. संगणकांवरच्या हल्ल्यांची माहिती गोळा करणारी आणि इशारे देणारी ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते. एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशाने देशातल्या प्रत्येक संस्थेवर हल्ल्याची खबर सहा तासांत देण्याचे बंधन आले. चांगला आदेश आहे. पण ती खबर गेल्यावर पुढे काय झाले, हे विचारायची वाट नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, जेव्हा केंद्राने सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे गुप्तवार्ता विभाग आणि रॉ यांच्या रांगेत नेऊन बसवले. त्याच वर्षी जूनमध्ये कोविन लसीकरणाची माहिती टेलिग्रामवर सहज मिळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि ऑक्टोबरमध्ये कोट्यवधी भारतीयांची माहिती विक्रीला असल्याचा दावा झाला होता. लोकांना उत्तर हवे होते, नेमके तेव्हाच उत्तर देणारी संस्था कायद्याच्या बाहेर गेली. कलम २४ चे परंतुक भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती माहिती देणे बंधनकारक ठेवते, हे खरे. पण एखाद्या महापालिकेवरच्या हल्ल्याची चौकशी केव्हा पूर्ण झाली, हा प्रश्न त्या परंतुकात बसवायला बरीच कसरत करावी लागेल. हेरगिरी करणाऱ्या संस्थेचे काम गुप्ततेशिवाय होत नाही. सर्ट-इनचे काम मुख्यतः लोकांना सावध करण्याचे आहे आणि विश्वासाशिवाय ते होत नाही. हा फरक अनुसूचीत नाव घालताना विचारात घेतला गेला नाही, असे मला वाटते.

माहिती दडवली की तिची जागा तर्क घेतात, हे पनवेलकरांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. कळवा, पडघे आणि खारघर यांना जोडणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्यांमधल्या बिघाडांतून ती मालिका सुरू झाली होती. लोकल थांबल्या, करोनाच्या ऐन दिवसांत रुग्णालये जनित्रांवर गेली. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की वीज मंडळाच्या यंत्रणेत चौदा ट्रोजन शिरवले गेले असावेत आणि आठ जीबी माहिती बाहेरून आत आली असावी. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी वीज जाणे हा मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीनेही भारतीय वीज यंत्रणेत चिनी हल्लेखोर शिरल्याचा अहवाल त्याच सुमारास दिला होता. हे निष्कर्ष तेव्हापासून शेजारी शेजारी उभे आहेत. खरे कोणते, हे ठरवायला लागणारा पुरावा नागरिकाच्या हातात नाही. मानवी चूक असेल तर देखभालीचा प्रश्न आहे, हल्ला असेल तर संरक्षणाचा. दोन्हींचे उपाय वेगळे आणि दोन्हींचा खर्च वीजबिलातून जाणार. तांत्रिक खुणा वगळून दोन्ही अहवाल लोकांसमोर ठेवणे अशक्य नव्हते. कलम १० त्यासाठीच आहे.

घबराट पसरेल, असे यावरचे नेहमीचे उत्तर. या उत्तराची परीक्षा पनवेलमध्ये दुसऱ्या संदर्भात होऊन गेली आहे. बँकांच्या तपासणीचे अहवाल उघड केले तर ठेवीदार घाबरतील आणि देशाच्या आर्थिक हिताला बाधा येईल, असे रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षे सांगत होती. १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. तरीही सामान्य ठेवीदाराच्या हाती असे अहवाल सहज येऊ लागले नाहीत. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. तोवर हजारो ठेवीदारांचे पैसे अडकलेले होते. घबराट टाळण्यासाठी धरलेल्या मौनाचा हिशेब शेवटी, ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्याच खात्यावर चढला. सायबर हल्ल्यांच्या बाबतीत आपण तीच वाट धरतो आहोत. न्हावा शेव्यात २०१७ मध्ये मात्र उलट घडले. टर्मिनल बंद पडल्याचे जहाज मंत्रालयाने आणि बंदराने लगेच जाहीर केले, त्यामुळे निर्यातदार आणि वाहतूकदार पर्याय शोधू शकले.

आता नाण्याची दुसरी बाजू, जिच्याकडे पारदर्शकतेचे कार्यकर्ते पुरेसे लक्ष देत नाहीत. मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने दाखवून दिले की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून तेरा कोटींहून अधिक लोकांचे आधार क्रमांक उघडे होते. ती संकेतस्थळे रोजगार हमी आणि निवृत्तिवेतनासारख्या योजनांची होती आणि लाभार्थ्यांच्या याद्या तिथे लावल्या होत्या त्या पारदर्शकतेसाठीच. मजुरी खरेच मिळाली का हे गावाला तपासता यावे, हा हेतू योग्य होता. त्यासाठी आधार क्रमांक आणि बँक खाते दाखवण्याची मात्र काहीच गरज नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांनी अशी माहिती प्रसिद्ध केल्याचे आधार प्राधिकरणाने मान्य केले, आणि ही कबुली माहिती अधिकारातल्या एका अर्जाला दिलेल्या उत्तरातून बाहेर आली. ज्या कायद्यामुळे माहिती फुटते असे म्हटले जाते, त्याच कायद्याने फुटलेली माहिती दाखवून दिली.

दस्तनोंदणीचे उदाहरण याहून बोलके आहे. खरेदीखताची नोंदणी करताना दोन्ही पक्षांची छायाचित्रे आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात, ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या जातात आणि हे सगळे दस्ताचा भाग होते. दस्त सार्वजनिक असणे आवश्यक आहे, विशेषतः पनवेलसारख्या ठिकाणी. २०१३ मध्ये विमानतळाच्या भोवतीचा परिसर 'नैना' म्हणून अधिसूचित झाल्यावर तिथल्या शेतजमिनींचे भाव आणि फसवणुकीचे मोह दोन्ही वाढले. एकच जमीन दोघांना विकली गेली नाही ना, सातबाऱ्यावर बोजा नाही ना, कुळाचा हक्क नाही ना, हे घेणाऱ्याला तपासता आलेच पाहिजे. मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, इंडेक्स टू संगणकावर शोधता येऊ लागला, ही शेतकऱ्याच्या आणि खरेदीदाराच्या दृष्टीने मोठी सोय झाली. पण याच सोयीचा गैरवापर इतरत्र झाला. तेलंगणात २०१८ मध्ये नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचे दस्त उतरवून, त्यातल्या अंगठ्याच्या ठशांचे रबरी ठसे बनवून सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. हरियाणातही जमीन दस्तांतले ठसे वापरून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढले गेले. संकेतशब्द चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. पण यावरचा उपाय दस्तच बंद करणे हा होऊ शकत नाही. व्यवहार कोणी कोणाशी, कोणत्या गटाचा, किती क्षेत्राचा, किती रकमेला केला हे उघडे ठेवावे आणि ठसा, आधार, पॅन, भ्रमणध्वनी झाकावेत. स्कॅन करतानाच ते पान वेगळे ठेवले, तर हे काम यंत्र करील. कलम १० चे हेच तत्त्व आहे. ते अर्ज आल्यावर लावण्याऐवजी दस्त तयार होतानाच लावायचे.

अशी बारीक कात्री वापरण्याऐवजी केंद्राने २०२३ मध्ये कुऱ्हाड वापरली. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती अंमलात आली. आधीच्या कलमात वैयक्तिक माहिती नाकारायला कारण लागे: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती देण्याने खासगीपणावर अवास्तव आक्रमण होते. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, अशी अट सोबत होती. आता उरले ते एवढेच, की माहिती वैयक्तिक असेल तर देणे बंधनकारक नाही. ठेकेदाराचे नाव वैयक्तिक, बांधकाम परवानगीवर सही करणाऱ्याचे नाव वैयक्तिक, भूखंड मिळालेल्या प्रकल्पग्रस्ताचेही वैयक्तिक. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतले भूखंड कोणाला मिळाले, हा प्रश्न या तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या आयुष्याचा आहे, आणि नावाशिवाय त्याला उत्तर नाही. मुंबईचे माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी या दुरुस्तीविरुद्ध सतत बोलत आले आहेत. ८(२) चे जनहिताचे कलम शिल्लक आहे, असे दुरुस्तीचे समर्थक म्हणतात. आहे, पण त्यात अधिकाऱ्यानेच जनहित मोठे आहे असे ठरवायचे असते आणि महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे अपिले-तक्रारींचा ढीग एक लाखाच्या आसपास गेलेला असताना, अधिकाऱ्याचे चुकले तर दाद मिळायला किती काळ लागेल याचा विचार करावा. आणखी एक विसंगती अशी की, तुमची माहिती फुटली तर तुम्हाला कळवण्याचे माहिती संरक्षण कायद्यातले बंधन लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती नाकारण्याची सोय मात्र पहिल्याच दिवसापासून लागू झाली.

सुरक्षेचे कारण किती पोकळ असू शकते, हे मतदारयादीच्या एका पानावर दिसते. जानेवारी २०१८ पासून निवडणूक आयोग याद्या चित्ररूप पीडीएफमध्ये देतो. पानावर तीस चौकटी, प्रत्येकीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग. सगळे डोळ्यांना दिसते, पण संगणकाला शोधता येत नाही. माहितीचा उपसा आणि गैरवापर थांबावा, हे कारण. पनवेल विधानसभा मतदारसंघात २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास मतदार होते, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. त्या निवडणुकीच्या आगेमागे या यादीत हजारो नावे दुबार असल्याची तक्रार शेतकरी कामगार पक्षाने केली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेले. तक्रार खरी की खोटी हे इथे ठरवायचे नाही. ती तपासायची कशी हा मुद्दा आहे. साडेसहा लाख चौकटी डोळ्यांनी ताडून पाहायच्या, की आधी सगळी यादी पुन्हा टंकायची? ऑक्टोबर २०१८ मध्ये कमल नाथ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल देताना, ज्याला हवे त्याने स्वतःच्या कष्टाने यादी शोधण्याजोग्या रूपात आणावी, असे म्हटले. या वाक्यातच आयोगाच्या युक्तिवादाचे उत्तर आहे. ज्याच्याकडे पैसा आणि चांगले अक्षरओळख सॉफ्टवेअर आहे, त्या पक्षाला, कंपनीला किंवा परदेशी हल्लेखोराला ही अडचण एका दिवसाची. कामोठ्याच्या एका सोसायटीच्या कार्यकर्त्याला ती कायमची. जे कुलूप श्रीमंत चोर सहज उघडतो आणि फक्त घरमालक अडतो, त्याला संरक्षण म्हणता येणार नाही. घर क्रमांक आणि वय काढून टाकलेली, नावाने शोधता येणारी यादी देणे शक्य आहे, आणि तपासणीसाठी संपूर्ण यादी नोंदणीकृत पक्षांना लेखी हमीवर देणेही शक्य आहे.

या सगळ्यात वेळेचा प्रश्न कोणी फारसा मांडत नाही, म्हणून तो इथे थोडा उकलतो. माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवस, पहिल्या अपिलाला तीस ते पंचेचाळीस दिवस, दुसरे अपील करायला नव्वद दिवस आणि ते ऐकले जायला पुढे वर्ष-दोन वर्षे. डिजिटल पुरावा एवढा थांबत नाही. सर्ट-इनचा आदेश यंत्रणेतल्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगतो. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने, निकालाला आव्हान नसेल तर मतदानाचे चित्रण पंचेचाळीस दिवसांनी नष्ट करण्याची मुभा दिली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून असे चित्रण सार्वजनिक पाहणीतून वगळले गेले होते. म्हणजे नकाराविरुद्ध नागरिक जिंकला, तरी द्यायला काही उरलेले नसण्याची शक्यता मोठी. अर्ज दाखल होताच संबंधित नोंदी आपोआप राखून ठेवल्या जातील, असा नियम करायला कोणत्याही सुरक्षेचा अडथळा नाही. इथे सुरक्षा आणि पारदर्शकता एकाच बाजूला उभ्या आहेत. सायबर सुरक्षा म्हणजे केवळ गुप्तता नव्हे. नोंद बदलली जाऊ नये आणि हवी तेव्हा मिळावी, हीही तिचीच कामे आहेत. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या फायली जळाल्या, तेव्हा राज्याला बॅकअपची किंमत कळली होती. नोंदी जपण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. 'फाईल गहाळ आहे' हे उत्तर चालणार नाही, असे न्यायालयांनी आणि आयोगांनी अनेकदा सांगितले. उद्या 'सर्व्हर बंद पडला होता' हे त्याचे नवे रूप होऊ नये, यासाठी बॅकअप ठेवला होता की नाही हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता आलाच पाहिजे.

एक आक्षेप उरतो, आणि तो कार्यालयांत सर्वांत जास्त ऐकू येतो: माहिती अधिकाराचे अर्ज खंडणीसाठी केले जातात आणि तालुका पातळीवरच्या जनमाहिती अधिकाऱ्याला काय द्यावे, काय झाकावे हे तांत्रिक बाबतीत कळणार नाही. खंडणीखोर अर्जदार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचे सगळे बळ माहिती फक्त त्यांच्याच हाती पडण्यात असते; तीच माहिती कलम ४ प्रमाणे आधीच संकेतस्थळावर असेल तर धमकावायला काही उरत नाही. आणि धोका अर्जदारालाही असतो. द्रुतगती मार्गालगतच्या जमीन व्यवहारांचा पाठपुरावा करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. अर्जदाराचा घरचा पत्ता उत्तरासोबत संकेतस्थळावर जाऊ नये, ही केंद्राची सूचना त्यामुळेच काटेकोर पाळायला हवी. अधिकाऱ्याच्या अज्ञानाचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. त्याला एकट्याला सोडले की तो घाबरून सगळेच नाकारतो किंवा सगळेच देऊन टाकतो. म्हणून निर्णय अर्ज आल्यावर नको, दस्त तयार होतानाच हवा.

एस्टोनियाने २००७ मध्ये आपल्या देशभरच्या संगणक यंत्रणेवर मोठा हल्ला सोसला. त्यानंतर तो देश बंद झाला नाही. तिथल्या नागरिकाला आपली सरकारी नोंद कोणत्या कार्यालयाने केव्हा उघडून पाहिली, हे स्वतः संगणकावर बघता येते आणि विनाकारण डोकावणाऱ्या अधिकाऱ्याला त्यामुळे जाब विचारला जातो. आपल्याकडेही आधारची मागच्या काही महिन्यांतली पडताळणी ज्याची त्याला पाहता येते. तीच सोय सातबारा, मिळकत पत्रिका आणि मालमत्ता कराच्या नोंदीला देण्यात तांत्रिक अडचण नाही.

पनवेल महापालिकेत जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. मालमत्ता कराचा वाद असो की निविदांचा, नागरिकाला माहितीचा अर्ज हाच सभागृहाचा पर्याय होता. आता नगरसेवक आहेत आणि दिल्लीतल्या दुरुस्त्यांची वाट न पाहता काही गोष्टी ते कलम ४ खालीच करून घेऊ शकतात. संगणक प्रणालींचे सगळे करार, तांत्रिक परिशिष्टे वगळून, संकेतस्थळावर लावणे. सुरक्षा तपासणीची तारीख, लेखापरीक्षक आणि प्रमाणपत्राची मुदत दर तिमाहीला जाहीर करणे. महापालिकेच्या यंत्रणेत कोणाची माहिती फुटलीच, तर कायद्याच्या मुदतीची वाट न पाहता त्या करदात्याला लेखी कळवणे. आणि लाभार्थ्यांच्या, परवानग्यांच्या, फेरीवाल्यांच्या ज्या याद्या संकेतस्थळावर जातात, त्या लावण्याआधी त्यांतले भ्रमणध्वनी आणि आधार क्रमांक कोण काढणार, त्या कर्मचाऱ्याचे पद ठरावात लिहिणे.